तीनदा उतरलेलं आणि तीनदा परत आलेलं वजन

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे हे उत्तर कशाचं आहे ते बाकीच्यांनाही कळेल. तुमचं वय 42, उंची 168 सेंटिमीटर, वजन 88 किलो, कंबर 104 सेंटिमीटर. राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टला. सकाळी पावणेआठची लोकल, घरी परतायला रात्रीचे साडेआठ. गेल्या सात-आठ वर्षांत तुम्ही तीनदा वजन उतरवलंत. एकदा तो सात दिवसांचा फळं-भाज्या-सूपवाला डाएट पुन्हा पुन्हा करून, एकदा किटो करून, म्हणजे भात-पोळी जवळजवळ बंद आणि चरबी जास्त, आणि एकदा दोनच वेळा जेवून. दर वेळी आठ-दहा किलो गेले, वर्ष-दीड वर्षात परत आले आणि येताना एखाद-दुसरा किलो जास्तच घेऊन आले. आता तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी, 6.1 निघाली, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची, आणि डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय. तुम्ही विचारताय, यातला कुठला डाएट पुन्हा धरू, आणि जिमची वर्षाची फी भरू का?

ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं तुमच्यासारखीच लोकलने ये-जा करणारी असतात, त्यामुळे तुमचा दिवस मला ओळखीचा आहे. माझं पहिलं म्हणणं असं की वजन कमी करणं ही तुमची अडचण नाहीच. ते तुम्हाला चांगलं जमतं, तीनदा करून दाखवलंत. अडचण आहे ती पुढची. जे खाऊन वजन उतरवलं ते खाऊन तुम्हाला जगता आलं नाही, आणि ज्या जेवणावर परत आलात ते होतं तसंच राहिलं होतं. म्हणून चौथा डाएट शोधण्याआधी, घरच्या ज्या जेवणावर तुम्ही शेवटी परत येणारच आहात, ते जेवण दुरुस्त करायला हवं.

वजन परत येतं तेव्हा माणूस स्वतःच्या मनाला दोष देतो. "माझ्यात चिकाटीच नाही." हे खरं नाही, त्यामागे सरळ हिशोब आहे. 88 किलोंचं शरीर चालवायला जितकी ऊर्जा लागते त्यापेक्षा 78 किलोंच्या शरीराला रोज दीडशे-दोनशे कॅलरी कमी लागतात, कारण बसल्या जागी होणारा खर्च कमी होतो आणि चालताना वाहायचं ओझंही कमी होतं. शिवाय भराभर वजन उतरवलं की शरीर आणखी काटकसर करतं आणि भूक वाढवतं. अशा वेळी डाएट संपला म्हणून तुम्ही पूर्वीच्या जेवणावर आलात, म्हणजे 78 किलोंच्या शरीराला 88 किलोंचं जेवण दिलंत. ते पुन्हा 88 कडे जाणारच. डाएट कुठलाही असो, हा हिशोब बदलत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्या यकृतात आणि स्नायूंत पिष्टाचा जो साठा असतो, त्यातल्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात-पोळी पूर्ण बंद केली की तो साठा रिकामा होतो आणि पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात. त्यातला बराचसा भाग पाण्याचा असतो. मग महिनाभराने दोन दिवस घरचं जेवलं की तेच पाणी परत येतं, काटा दोन किलो वर जातो आणि माणसाच्या डोक्यात पक्कं बसतं की "मला चपाती सोसत नाही". चपातीने दोन दिवसांत दोन किलो चरबी वाढू शकत नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. दोन किलो चरबी चढायला गरजेपेक्षा 15000 कॅलरी जास्त खाव्या लागतील.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात गंभीर वाटते. झटपट डाएटमध्ये प्रथिनं कमी आणि व्यायाम शून्य असला, तर उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. वजन परत येतं तेव्हा मात्र मुख्यतः चरबी येते. म्हणजे आजचे तुमचे 88 किलो सात वर्षांपूर्वीच्या 88 किलोंसारखे नसणार. आपल्या लोकांत स्नायू मुळातच कमी आणि पोटाची चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी यावर आयुष्यभर काम केलंय. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय 23 च्या वर गेला की जास्त वजन आणि 25 च्या वर गेला की लठ्ठपणा असं धरतात, आणि कंबर पुरुषांची 90, बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत असावी असं सांगतात. तुमचा बीएमआय 31 च्या आसपास येतो, पण मी तुमच्याबाबतीत बीएमआयपेक्षा कंबरेकडे जास्त लक्ष देईन.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते. मी तुम्हाला पाहिलेलं नाही, तुमचे सगळे रिपोर्ट माझ्याकडे नाहीत. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. थायरॉइड कमी असेल तर औषधाने काही किलोंचा फरक पडतो, दहा-पंधरा किलोंचा सहसा पडत नाही, तरी माहीत असलेलं बरं. स्टिरॉइड किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असतील तर वजनावर त्यांचा परिणाम होतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर खाली सांगितलेली प्रथिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डोस बदलून घ्यावा लागतो, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. तुम्ही लिहिलंय की बायको घोरण्याची तक्रार करते. झोपेत श्वास अडकतो का हे डॉक्टरांना नक्की विचारा.

दोन वेळा जेवण्याबद्दल तुम्ही वेगळं विचारलं आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांचा तो विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रात घरोघरी पोचवला. ज्यांचा दिवस त्यात बसतो अशी माणसं वर्षानुवर्षं ते पाळताना मी पाहिली आहेत. तुमच्या सांगण्यावरून दिसतं ते असं की दुपारी एकनंतर थेट रात्री साडेनऊ, मध्ये गर्दीचा प्रवास, आणि घरी आल्यावर जेवणात कुठे थांबायचं ते कळत नसे. पद्धत कुठलीही असो, तुमच्या पावणेआठच्या लोकलशी तिचं जुळलं पाहिजे.

तर आता तुमचं ताट बघू. तुम्ही दिवसाचं सगळं खाणं लिहून पाठवलंत ते फार बरं केलंत. सकाळी चहा-बिस्किटं, मग पोहे किंवा उपमा. डब्यात तीन चपात्या आणि भाजी, बहुतेक वेळा बटाटा, फ्लॉवर नाहीतर भेंडी. ऑफिसात दोन चहा, पाच वाजता वडापाव किंवा समोसा. घरी आल्यावर जेवण होईपर्यंत चहा आणि फरसाण. साडेनऊला चार चपात्या, भाजी, आमटी, भात. दिवसाचे चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. अंडी चालतात, चिकन-मासे बुधवारी आणि रविवारी.

यात मला पहिल्यांदा खटकला तो डबा. त्यात आमटी नाही. बहुतेक डब्यांत नसतेच, आणि कारण अगदी साधं आहे: ती सांडते. लोकलच्या गर्दीत बॅग आडवी होते, झाकणातून पिवळा ओघळ कागदपत्रांवर येतो, आणि मग घरात कायमचं ठरून जातं की डब्यात सुकंच द्यायचं. सुकं म्हणजे चपाती-भाजी. अशा रीतीने नोकरदार माणसाच्या दुपारच्या जेवणातून डाळ वर्षानुवर्षं गायब होते. तीन चपात्या आणि बटाट्याच्या भाजीत प्रथिनं जेमतेम दहा-अकरा ग्रॅम. पोट भरल्यासारखं वाटतं, पण चार-साडेचारला भूक लागते आणि पाचचा वडापाव तिथूनच सुरू होतो. तो वडापाव जिभेचा हट्ट आहे असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते त्याचं मूळ दुपारच्या डब्यात आहे.

म्हणून सुरुवात डब्यापासून करा. चपात्या दोन, आणि बटाट्याच्या जागी कोरडी उसळ: मटकी, मूग, हरभरे, चवळी, मसूर, जे घरी आवडतं ते. सुकी उसळ सांडत नाही. कोरडा झुणका, अंड्याची भुर्जी, सोयाबीनच्या वड्यांची सुकी भाजी, पनीर घातलेली सिमला मिरची, हे सगळं डब्यात जातं. सोबत काकडी-गाजर-टोमॅटो चिरून, आणि दही ऑफिसजवळ मिळत असेल तर तिथेच घ्या. कडधान्यं भिजवण्याचं काम तुम्ही स्वतःकडे घ्या. शनिवारी रात्री भिजत घालायची, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, मोड आले की डबा भरून फ्रीजमध्ये. तीन दिवसांची सोय होते. बायको सकाळी पाचला उठून डबा करते असं तुम्ही लिहिलंय. तिला "आजपासून माझं वेगळं कर" असं सांगून हे टिकणार नाही. घरात दोन स्वयंपाक सुरू झाले की महिन्याभरात एक बंद पडतो, आणि तो तुमचाच असतो.

सकाळी पोह्यांऐवजी दोन अंडी आणि एक चपाती, किंवा मुगाचं धिरडं, किंवा थालीपीठ आणि दही. पोहे बंद करायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा खा, पण पोहे निम्मे घ्या, मटार-गाजर भरपूर घाला आणि सोबत उकडलेलं अंडं किंवा वाटीभर मोड आलेले मूग ठेवा. पाच वाजता मूठभर फुटाणे किंवा भाजलेले चणे, तीसेक ग्रॅम. ते ड्रॉवरमध्ये डबाभर ठेवा, म्हणजे रोज ठरवावं लागत नाही. वडापाव आठवड्यातून एकदा खा, आवडीने खा.

घरी आल्यावर फरसाण आणि चहा यांच्याऐवजी थेट जेवायलाच बसा. साडेआठला आलात तर पावणेनऊला पान वाढलेलं असू दे. रात्री घट्ट आमटी किंवा वरण मोठी वाटीभर, भाजी दुप्पट, भाकरी किंवा चपात्या दोन, भात हवा असेल तर एक चपाती कमी. ज्वारीची भाकरी चांगली, पण ती वजन कमी करते ही समजूत काढून टाका. पन्नास-साठ ग्रॅम पिठाच्या भाकरीत पावणेदोनशे ते दोनशे कॅलरी असतात. ती सावकाश खाल्ली जाते, पोट भरतं, म्हणून उपयोगी पडते. त्या भरवशावर तीन भाकऱ्या खाल्ल्या तर उपयोग नाही. चिकन-मासे असतील त्या दिवशी तुकडे जास्त, रस्सा कमी. बाकीच्या दिवशी पनीर, सोयाबीन किंवा अंडी यांतलं काहीतरी रात्रीच्या पानात असू दे. असं केलं की आज तुमच्या पोटात दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास जाणारी प्रथिनं सत्तर-पंचाहत्तरपर्यंत जातात. स्नायू टिकवायला आणि भूक आवरायला तेवढी लागतात.

आता तेल. महिन्याला घरात तेल किती लागतं, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. तुमच्याकडे चार माणसांत पाच लिटरचा डबा महिन्यात संपतो. म्हणजे माणशी रोज 38 ग्रॅम, जवळजवळ 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलंय. पाचाचे तीन लिटर केलेत तर माणशी 23 ग्रॅम होतं, दिवसाला सव्वाशे-दीडशे कॅलरी वाचतात, आणि तुमच्याबरोबर आईचं कोलेस्टेरॉलही सुधारण्याची शक्यता वाढते. यासाठी तेलविरहित स्वयंपाक नको, तो कोणी खाणार नाही. कॅनमधून थेट कढईत ओतणं बंद करा आणि चमच्याने घाला, एवढंच. चार माणसांच्या भाजीला तीन चहाचे चमचे पुरतात. फोडणी आधी नीट तडतडू द्या, भाजीवर झाकण ठेवून त्यात पाणी घाला, वाफेवर शिजवा. महिनाअखेरीस कॅनमध्ये किती उरलं ते बघा, रोज काही मोजायला नको.

एकदा हिशोब जुळवून बघू. तेलाचे 130. चहातली साखर दोनाची एक चमचा केली तर चार चहांचे 80. साखरेऐवजी गूळ घातला तर कॅलरी जवळपास तेवढ्याच, त्यामुळे तो बदल जमेत धरू नका. वडापावाचे साधारण 300 वजा फुटाण्यांचे 110, म्हणजे 190. रोजच्या खाण्यातल्या दोन-तीन चपात्या कमी झाल्या त्याचे अडीचशेच्या आसपास, पण उसळ, अंडी आणि दही वाढलं, म्हणून ते जवळपास फिटले. फरसाण गेलं त्याचे शंभर तरी धरा. सगळे मिळून रोज चार-पाचशे कॅलरींची तूट पडते. तुमच्यासारख्या माणसाचा दिवसाचा खर्च अंदाजे 2400 असतो, आणि तुमचं खाणं आता 1900-2000 वर आलं. यात आठवड्याला तीन-चारशे ग्रॅम उतरतात. किटोच्या पहिल्या आठवड्यापुढे हा आकडा छोटा वाटेल, पण यात घराला परकं असं एकही पान नाही, आणि जे खाऊन वजन उतरलं तेच खाऊन पुढे राहायचं आहे. फार वेगाने वजन उतरवण्यात पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही असतो, तो यात टळतो.

उपवासाबद्दल एक सांगायचं राहिलं. तुम्ही गुरुवार करता. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर शेंगदाण्याचं कूट, तूप, बटाटा. ताटभर खिचडी आणि संध्याकाळी वेफर्स झाले की तो दिवस आठवड्यातला सगळ्यात जड होतो. उपवास जरूर करा, तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे. पण वरीचे तांदूळ आणि दाण्याची पातळ आमटी, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर, दही, ताक, एखादं फळ असा करा.

आणि आग्रह. आई शेवटची चपाती वाढतेच, "एवढीशी तर आहे" म्हणते. तिच्याशी डाएटबद्दल वाद घालू नका. तिला आधी सांगा की डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलंय. माझा अनुभव असा की वजन हे कारण आपल्याकडच्या आयांना पटत नाही, साखर हे कारण पटतं. मग ती स्वतःच ताटाकडे लक्ष ठेवते. दिवाळीत, गणपतीत, लग्नात जे आवडतं ते खा, बसून खा, वाटीत घेऊन खा. सणाचे दोन-तीन दिवस वजन बिघडवत नाहीत. दिवाळीनंतर पंधरा दिवस टेबलावर उघडा राहणारा चिवड्याचा डबा बिघडवतो.

व्यायामाकडे येते. तुम्ही लिहिलंय की मध्यंतरी रोज तासभर चालूनही काही झालं नाही. 88 किलोंचा माणूस पाच किलोमीटर झपझप चालला तर तीनशेच्या आसपास कॅलरी जातात, म्हणजे एक वडापाव. खाणं तसंच ठेवून नुसत्या चालण्यावर वजन फारसं हलत नाही, हे खरं आहे. पण वजन टिकवण्यात चालण्याचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत 1994 पासून रिना विंग आणि जेम्स हिल यांनी सुरू केलेली एक नोंदवही आहे. निदान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या हजारो लोकांची त्यात नोंद आहे. त्यांनी वजन उतरवलं वेगवेगळ्या मार्गांनी. टिकवण्याच्या सवयी मात्र पुष्कळ सारख्या: रोज तासभराच्या आसपास हालचाल, नियमित वजन करणं, आणि सुट्टीच्या दिवशीही रोजच्यासारखंच खाणं. आपला देश, आपलं जेवण वेगळं आहे, तरी माझ्याकडच्या टिकवलेल्या लोकांतही मला हेच दिसतं.

तुमच्याकडे वेगळा तास नाही, म्हणून तो तुकड्यांत काढा. घर ते स्टेशन रिक्षाऐवजी चालत, सीएसएमटी ते ऑफिस चालत, जेवल्यावर दहा मिनिटं. जेवणानंतरच्या चालण्याने साखर कमी चढते, तुम्हाला त्याची गरज आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. पहिला भाग तुमच्या प्रवासातच होईल. दुसऱ्यासाठी बुधवार आणि रविवार, पंचवीस-तीस मिनिटं, घरी.

त्यात काय करायचं? जोर आणि बैठका आपल्या तालमीतच आहेत, पण थेट जमिनीवरचे जोर 88 किलोंवर नकोत. भिंतीला हात टेकवून सुरू करा, तीन आठवड्यांनी ओट्याला, मग पलंगाच्या कडेला, मग जमिनीवर. बैठका म्हणजे आधी खुर्चीवर बसून हात न लावता उठणं. दहा-दहाचे तीन फेरे सहज जमले की खुर्चीऐवजी बुटकं स्टूल घ्या, मग पाठीवर दप्तर घ्या. त्याच दप्तरात पाच-सहा किलोंची पुस्तकं भरून, कंबरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून ते पोटाकडे ओढा, हा पाठीचा व्यायाम. शेवटी कोपरांवर फळीसारखं ताठ राहणं, वीस सेकंदांपासून. दर दोन आठवड्यांनी काहीतरी थोडं अवघड झालं पाहिजे. वर्षभर तेच दहा जोर काढत राहिलात तर स्नायूंना वाढायचं कारणच उरत नाही. गुडघा दुखला तर बैठकीत कमी खाली जा, व्यायाम सोडू नका. छातीत दडपण आलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टरांकडे जा.

झोप. साडेअकराला झोपून पाचला उठणं म्हणजे साडेपाच तास. शिकागोत 2010 साली दहा जणांवर एक छोटा प्रयोग झाला होता. खाणं तेवढंच ठेवून एकदा साडेपाच तास आणि एकदा साडेआठ तास झोपेची संधी दिली. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी निम्म्याहून कमी गेली आणि स्नायू जास्त गेले. डोंबिवलीकराला आठ तास झोप हे मी सांगणार नाही, ते शक्य नाही. पण जेवण पावणेनऊला झालं आणि मोबाइल दहाला बाजूला ठेवला तर साडेदहाला झोपता येतं. तो एक तास तुम्हाला मिळू शकतो.

वजन आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी, शौचानंतर, काही खाण्याआधी करा आणि आठवड्याची सरासरी काढा. रविवारच्या मटणाच्या मिठानेही सोमवारी काटा किलोभर वर असतो, त्यावर विश्वास ठेवू नका. कंबर महिन्यातून एकदा मोजा. काटा हलला नाही आणि कंबर दोन सेंटिमीटर कमी झाली, तर काम नीट चाललंय. वजन फारसं न उतरताही फायदा होतो याचा पुरावा आपल्याच देशात आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेला अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. खाणं आणि चालणं बदललेल्यांत मधुमेहाचा धोका 28.5 टक्के कमी झाला, आणि त्यांचं वजन काही खास उतरलं नव्हतं. तुमच्या 6.1 साठी हे महत्त्वाचं आहे.

आणि आता माझ्या पद्धतीतला तो भाग, जो लोकांना सगळ्यात नकोसा वाटतो. 88 वरून थेट 70 चं ध्येय ठेवू नका. पहिला टप्पा 82. तिथे पोचायला चार-सहा महिने लागतील. पोचलात की थांबा. दोन-तीन महिने 82 वरच राहायचं, एक किलो इकडे-तिकडे. रोजची एखादी चपाती किंवा भात थोडा वाढवायचा, बाकी सगळं तसंच. वजन स्थिर ठेवण्याचा सराव तुम्ही आजवर कधी केलाच नाहीत. दर वेळी उतरणं संपलं की चढणं सुरू झालं. या थांब्यात गणपती किंवा दिवाळी आली तर उत्तमच, सणातून 82 ने बाहेर पडता आलं तर पुढच्या टप्प्याला मी निर्धास्तपणे हो म्हणेन. मग 82 चे 77. कधी दीड-दोन किलो परत चढले, तर नवा डाएट शोधायचा नाही. तेलाचा डबा, पाचचा खाऊ आणि रात्रीच्या चपात्या, या तिन्हींतलं काय सैल झालंय ते बघायचं. बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. टिर्झेपाटाइड मार्च 2025 मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जूनमध्ये आपल्याकडे आलं. त्यांनी भूक खरोखर कमी होते, ज्यांना गरज आहे त्यांनी लाज बाळगू नये. पण सेमाग्लुटाइड बंद केलेल्या लोकांना वर्षभर पाहिलं तेव्हा उतरलेल्या वजनापैकी साधारण दोनतृतीयांश परत आलेलं होतं. तुमचा प्रश्न टिकवण्याचाच असल्याने, इंजेक्शन घेतलं तरी डबा आणि जोर-बैठका लागणारच. निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबर घ्या, दुकानातून परस्पर आणू नका.

राहिली जिमची फी. आत्ता वर्षाची भरू नका. साडेआठला घरी पोचणारा माणूस नऊला जिममध्ये गेला तर जेवण साडेदहावर जातं आणि झोप पुन्हा साडेपाच तासांवर येते. तीन महिने घरचा बुधवार-रविवार सांभाळा. जमिनीवरचे दहा जोर निघायला लागले आणि दप्तराचं वजन हलकं वाटायला लागलं की ऑफिसजवळची जिम बघा, सकाळी लवकरची लोकल धरून जाता येईल अशी, आणि फी महिन्याचीच द्या. त्याच सुमारास एचबीएवनसी पुन्हा तपासा. आकडा आणि कंबर दोन्ही मला कळवा, त्यावरून पुढचं ठरवू.